मशीन बंद पडलं? आधी आपण बघू या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत संघाच्या लेखापाल ताईंनी केलेले भाषण. बऱ्याच ताईंनी ते लिहून मागितले, म्हणून येथे देत आहोत.)



आज अध्यक्षताईंनी मला मोबाईल, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन यांच्यावर बोलायला सांगितलंय. गटाची नोंद आता मोबाईलवर, बचतीचा मेसेज मोबाईलवर, कर्जाचा प्रस्ताव कॉम्प्युटरवर आणि पैसे काढायचे तर बँक सखीकडे अंगठा. मशीन अडलं की प्रस्ताव अडतो. प्रस्ताव अडला की पेरणीच्या तोंडावर बाई सावकाराच्या दारात उभी राहते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

मशीन बंद पडलं की आपण काय करतो? "पोराला बोलवा." पोरगं येतं, दोन बटणं दाबतं, चालू करून निघून जातं. त्यानं काय केलं ते आपल्याला कळत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शिवाय फोन हातात देताना आपण पिनही सांगून मोकळ्या होतो. आता विचार करा, आपल्या गटात पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी, हा नियम आपण कशासाठी केला? पिन म्हणजे किल्लीच. पेटी आणि किल्ली दोन्ही एकाच्याच हातात द्यायची नाही, मग तो घरचा का असेना.

"आम्हाला त्यातलं काय कळतंय," असं कुणी म्हणू नका. वाटण वाटताना मिक्सर बंद पडला तर तुम्ही काय करता? भांडं काढता, थोडा वेळ थंड होऊ देता आणि खालचं लाल बटण दाबता. शिलाई मशीन टाके सोडायला लागलं तर सुई उलटी बसली का, दोरा नीट ओवला का, बॉबिनमध्ये धागा अडकला का, हे एकेक करून बघता. बिघाड शोधणं म्हणजे हेच. तेच डोकं इथं चालवायचं.

कुठलंही मशीन असू दे, तीन प्रश्न विचारायचे. लाईट येतेय का? सगळं नीट जोडलंय का? आणि काल चालत होतं, तर मधे काय बदललं? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. चार गोष्टी एकदम केल्या तर नक्की कशानं चालू झालं ते कळत नाही.

आपल्या कार्यालयातला कॉम्प्युटर घ्या. बटण दाबलं, काहीच झालं नाही. त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून बघा, बोर्डाला लाईट आहे का ते कळेल. मग यूपीएसचा दिवा बघा. मशीनचा दिवा लागतोय पण पडदा काळा आहे, तर पडद्याची वायर मागं ढिली झालीय का बघा. झाडताना धक्का लागला की ती निघते. यूपीएस ओरडायला लागला म्हणजे लाईट गेली. तो काही मिनिटंच साथ देतो, त्यामुळं काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायचं. पावसाळ्यात विजा कडाडत असतील तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग बोर्डातून काढून ठेवायचा.

प्रिंटरमध्ये कागद अडकला तर हिसका मारायचा नाही. मशीन बंद करून प्लग काढा आणि कागद ज्या दिशेनं पुढं जातो त्या दिशेनं दोन्ही हातांनी हळू ओढा. पावसात कागद ओलावा धरतो आणि अडकतो, म्हणून गठ्ठा पिशवीत बांधून ठेवा.

आता मोबाईल. चार्ज होत नसेल तर आधी दुसऱ्या वायरीनं बघा, मग दुसऱ्या चार्जरनं. तरी होत नसेल तर चार्जिंगचं भोक उजेडात धरून बघा. पदराचे धागे, पीठ, धूळ तिथं बसते. फोन बंद करून लाकडी काडीनं हलक्या हातानं काढा, सुई-पिन घालू नका. फोन पाण्यात पडला तर लगेच बंद करा, पुसा आणि वाऱ्याला सुकू द्या. पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावायचा नाही. तांदळात पुरूनही ठेवू नका, तांदळाची भुकटी आत जाते. आणि फोनची पाठ फुगून वर आली तर त्याची बॅटरी फुगलीय. तो वापरायचा नाही, चार्ज करायचा नाही, दाबायचा-टोचायचा नाही. ती पेट घेऊ शकते. सरळ दुकानात दाखवा.

"जागा संपली" असा मेसेज आला तर सकाळ-संध्याकाळच्या शुभेच्छांचे फोटो आणि व्हिडिओ काढून टाका. पण एक लक्षात ठेवा. गटाच्या नोंदीचं ॲप अडलं म्हणून घाईनं ते काढून टाकायचं नाही, आणि सेटिंगमध्ये जाऊन त्याचा 'डेटा' पुसायचा नाही. रेंज नसताना भरलेल्या नोंदी कधी कधी फोनमध्येच असतात, वर गेलेल्या नसतात. ॲप गेलं की त्या नोंदीही गेल्या. आधी नोंदी वर गेल्यात का ते बघा. आणि कागदी वही सोडू नका. मोबाईल बंद पडला तरी वही बोलते.

आता अंगठ्याचं मशीन. इथं जरा थांबून ऐका, कारण त्रास होतो तो आपल्या म्हाताऱ्या सासवांना. जन्मभर खुरपं धरलं, भांडी घासली, सारवलं, त्यात बोटांच्या रेषा झिजल्या. मग पेन्शनच्या दिवशी ऐकावं लागतं, "आजी, तुमचा अंगठा येत नाही." आजी उन्हातून घरी परत. आजीचा यात काही दोष नाही. बँक सखींनी काच कोरड्या मऊ कापडानं पुसावी आणि काचेवर थेट ऊन पडू देऊ नये. आजींचे हात धुऊन कोरडे करावेत. बोटं भेगाळली असतील तर किंचित खोबरेल तेल चोळून पुसून घ्यावं. तरी नाही आलं तर दुसरं बोट लावून बघावं, आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. कुठलंच बोट लागत नसेल तर आधार केंद्रावर ठसे नव्यानं द्यावेत.

कधी मशीन म्हणतं व्यवहार झाला नाही, पण खात्यातून पैसे गेलेले असतात. म्हणून "परत अंगठा लावा" म्हटलं की आधी शिल्लक तपासा आणि झालेल्या-न झालेल्या प्रत्येक व्यवहाराची पावती मागा. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत खात्यात परत आले पाहिजेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. पावती असली की बँकेत ठामपणे बोलता येतं.

सगळं करून पाहिलं तरी जमलं नाही तर दुरुस्तीला द्यायचंच. पण देण्याआधी सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्या, गटाची माहिती दुसरीकडे उतरवून ठेवा, पैशाच्या ॲपचा पिन सांगू नका. जमल्यास समोर बसून काम करून घ्या, बदललेला जुना भाग परत मागा, बिल घ्या. आजच प्रत्येकीनं *#०६# दाबून फोनचा आयएमईआय नंबर वहीत लिहून ठेवा. फोन हरवला तर 'संचार साथी' वर तो बंद करायला हाच नंबर लागतो. आणि फसवून कुणी पैसे काढले तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

शेवटी एक मागणं. प्रत्येक ग्रामसंघानं एक 'मशीन वही' घालावी. कुठल्या तारखेला काय बिघडलं, काय करून पाहिलं, कशानं चालू झालं, किती पैसे गेले, एवढंच लिहायचं. दोन-चार महिन्यांत तीच वही आपला मेकॅनिक होईल. प्रत्येक गावात दोघींनी तरी हे शिकून घ्यावं. पोराला बोलवायला हरकत नाही, पण त्याला सांगायचं, "तू करून देऊ नको, तू सांग, हात माझा राहू दे."

पुढच्या सभेला येताना वही घेऊन या. आपण सगळ्या मिळून वाचू.