तेलुगूचा पेपर आणि आजोबांचे गण
(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षमहाशय, ज्येष्ठ मंडळी, आणि प्रसाद हातात पडल्यावरही घरी न गेलेल्या बंधुभगिनींनो,

कार्यवाहांनी आम्हाला विषय दिला, ‘मुलांचे शिक्षण आणि पालक’. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला, राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि एस्टिमेट, मेजरमेंट बुक यांतच केस पिकले. तेव्हा जे सांगू ते घरचेच सांगू.

आमची कन्या नववीत आहे. इंग्रजी माध्यम, स्टेट सिलॅबस, पहिली भाषा तेलुगू. गेल्या वर्षी, आठवीत, तिच्या प्रोग्रेस कार्डावर आम्ही तीनदा सही केली. तिन्ही वेळा ऑफिसला निघताना, बूट घालता घालता, कार्ड भिंतीला टेकवून. तेलुगूत निम्म्याहून कमी गुण आहेत हे आम्हाला कळले ते वर्ष संपत आल्यावर, पालकसभेत. बाईंसमोर रांग होती, आमच्या वाट्याला चार मिनिटे आली. बाई म्हणाल्या, “घरी कोणी बघतं का?” आम्ही म्हणालो, “ट्यूशन लावतो.” आता आठवले की लाज वाटते. प्रश्न काय होता आणि उत्तर काय दिले!

खरे सांगायचे तर आम्हाला तेलुगू येते. ऑफिसात नोट लिहितो, कंत्राटदाराशी भांडतो. पण ती ऑफिसची तेलुगू. मुलीच्या पुस्तकातले पद्य उघडले आणि दुसऱ्या ओळीत आमचा श्वास अडकला. सौभाग्यवती नांदेडकडच्या, त्यांची तेलुगू भाजीवाल्यापुरती. म्हणजे घरात दोघे शिकलेले पालक असून मुलगी एकटीच होती. आपल्या मलकपेठेत, सैदाबादला, दिलसुखनगरला अशी किती घरे आहेत ते तुम्ही एकमेकांकडे बघून ठरवा.

ट्यूशन लावली. दोन महिने फी भरली. फरक पडला नाही असे नाही, पण वही तशीच कोरी राहायची.

मग या जूनमध्ये एका संध्याकाळी ती छंदःशास्त्राचा धडा मोठ्याने घोकत बसली होती. शेजारी आमचे वडील पेपर वाचत होते. त्यांचे वय पंचाहत्तरच्या पुढे, शिक्षण या शहरातल्या मराठी शाळेतले. ती म्हणत होती, “मा, सा, जा, सा, ता, ता, गा.” वडिलांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, “हे तर आपले शार्दूलविक्रीडित. म, स, ज, स, त, त, ग. तुमच्या तेलुगूत कुठून आले?” ती म्हणाली, “आजोबा, हे तेलुगूच आहे.” आजोबा म्हणाले, “हौ, असेल. पण आमचेही आहे.”

तेच वृत्त, तेच एकोणीस अक्षरांचे माप. दोघांनी संस्कृताकडूनच घेतलेले. य, र, त, न, भ, ज, स, म हे आठ गण आपण मराठी शाळेत पाठ केले, तेच तेलुगूतही आहेत. दोघे वही घेऊन बसले. आणि गंमत अशी, की आजोबांनी भराभर खुणा केल्या त्या सगळ्याच्या सगळ्या उलट्या निघाल्या. आपल्याकडे लघूला वाटीसारखी खूण करतात आणि गुरूला आडवी रेघ. तेलुगूत वाटीची खूण गुरूची, आणि लघूला उभी रेघ. नात म्हणाली, “नक्को आजोबा, सगळं चुकलं!” आयुष्यात पहिल्यांदा आजोबा चुकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर आम्ही पाहिला. मग ती त्यांना शिकवू लागली. आपल्याकडे यती म्हणजे थांबायची जागा, शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर. तेलुगूत यती म्हणजे थांबणे नव्हे, ओळीच्या पहिल्या अक्षराशी तेराव्या अक्षराचे नाते जुळले पाहिजे. त्यावर प्रास वेगळा, प्रत्येक ओळीचे दुसरे अक्षर सारखे हवे. आजोबांना हे नवीन होते. ते दोन दिवस तेच पुटपुटत हिंडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी उत्पलमालेचे लक्षण मागितले.

आम्ही दारात उभे राहून बघत होतो. ज्या माणसाला आम्ही ‘त्यांना काय कळणार हल्लीचा अभ्यास’ म्हणून बाजूला बसवले होते, त्यांच्याकडे नेमकी ती किल्ली होती. आणि मुलीला ट्यूशनमध्ये जे मिळत नव्हते ते इथे मिळाले: तिचे उत्तर ऐकून घेणारा, खरोखर उत्सुक माणूस.

पहिल्या परीक्षेत गुण फार वाढलेत असे सांगून टाळ्या घेणार नाही. थोडे वाढले. पण वही आता कोरी नसते.

हैदराबादच्या मराठी माणसाला हे खरे तर नवीन नाही. विवेकवर्धिनी शाळा 1907 सालची. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी पुढाकार घेतला, आणि निजामाच्या राज्यात, जिथे राज्यकारभार उर्दूत आणि 1918 पासून उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू, तिथे मराठी मुलांची शाळा उभी राहिली व टिकली. आपल्या कित्येक घरांतले आजोबा-पणजोबा तिथे शिकले. वर्गणी देणारे, मुले आणून बसवणारे पालकच होते. त्यांच्यासाठी शाळा ही ‘त्यांची’ नव्हती, ‘आपली’ होती. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण इथेच राहिलो. मुले इंग्रजी शाळांत गेली, आणि कुठेतरी वाटेत आपण फी भरणारे गिऱ्हाईक झालो. यात शाळांनाच दोष देणे आम्हाला पटत नाही. आम्ही स्वतः बूट घालता घालता सही केली आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, सरकारी माणूस असल्याने राहवत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे; तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. पण विनाअनुदानित खाजगी शाळांना ते कलम लागू नाही, आणि आपली बहुतेक मुले तिथेच. शिवाय 2018 च्या तेलंगणाच्या कायद्याने सर्व शाळांत तेलुगू टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. म्हणजे आमच्या घरचा हा प्रश्न एकट्या आमचा नाही.

आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बिहार आणि राजस्थानात ‘प्रथम’ संस्थेने खेड्यांतल्या निरक्षर आयांबरोबर एक प्रयोग केला. काही गावांत आयांना लिहावाचायला शिकवले, काही गावांत मुलांबरोबर घरी करायच्या छोट्या कृती दिल्या, काही ठिकाणी दोन्ही. मुलांच्या गणितात सुधारणा दिसली. ती मोठी नव्हती, पण होती. ज्या आईला अक्षर येत नव्हते तिचाही उपयोग झाला. मग आपल्या घरात बी.कॉम. झालेली मावशी आणि बँकेतून निवृत्त झालेले काका काय करतात? व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभात पाठवतात. रागावू नका, आमचे काकाही त्यांतलेच.

आता मुद्द्याचे. मंडळाच्या कार्यकारिणीशी बोलून ठरले आहे, की विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारपासून सकाळी दहा ते साडेअकरा याच हॉलमध्ये बसायचे. ही ट्यूशन नाही, फी नाही. मुलाने एकटे यायचे नाही, घरातल्या एका मोठ्या माणसाला घेऊन यायचे. वडील नसतील तर आजी चालेल, आजी नसेल तर शेजारच्या तेलुगू काकूंना विचारा, आमच्या शेजारच्या काकू यायला तयार आहेत. आठवी ते दहावीची तेलुगूची पुस्तके आणावीत. वृत्तांचा भाग आमचे वडील घेतील. मात्र खुणा तपासायला नात बरोबर असेल. गणित कोण घेणार हे अजून ठरलेले नाही. हात वर करायला इथे पुष्कळ माणसे बसली आहेत. नावे दाराजवळच्या टेबलावर, वर्गणीच्या वहीच्या शेजारी, दुसऱ्या वहीत लिहावीत. पेन दोरीने बांधलेले आहे, ते नेऊ नये.