बेळगोळचा दगड, काटोलचा दगड



श्रवणबेळगोळात येऊन दगडावर बोलायचे म्हणजे काशीत येऊन गंगेवर बोलण्यासारखे. वर विंध्यगिरीवर एकसंध ग्रॅनाइटाचा ५७ फुटी गोमटेश्वर उभा, आणि त्याच्या पायापाशी मराठीतल्या सर्वांत जुन्या ओळींपैकी एक कोरलेली. चावुंडरायाने हे 'करविले', एवढेच ती सांगते. छिन्नी कोणाच्या हाती होती ते सांगत नाही. ओळीच्या वयावरून विद्वान भांडतात. त्यात मी पडत नाही. मी भूशास्त्राचा माणूस, अक्षरे नसलेला दगड वाचणारा.

माझ्या दारी लोक फडक्यात गुंडाळून काळे दगड आणतात. "साहेब, आभाळातून पडलाय." बहुतेक वेळा निघते ती भट्टीची मळी. आत काचेसारखे क्वार्ट्‌झचे दाणे चमकले, जसे या टेकडीच्या ग्रॅनाइटात चमकतात, तर मी चहा पाजून माणसाला परत पाठवतो. लोहचुंबक चिकटला म्हणूनही हुरळायचे नाही. तो मळीलाही चिकटतो.

२२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या आसपास पडले ते मात्र खरे अशनी. (उल्का म्हणजे आकाशातली रेघ. हाती येतो तो अशनी. वर्तमानपत्रांतल्या मित्रांनी एवढे ऐकावे.) त्यांच्या वर्गाचे नाव 'एल ६'. पोस्टाच्या शिक्क्यासारखे दिसते, पण त्यात दोन वेगळी उत्तरे आहेत.

अक्षर सांगते घराणे. काटोलसारख्या दगडी अशनींची, म्हणजे साध्या कॉन्ड्राइटांची, घराणी तीन: एच, एल आणि एलएल, एकूण लोखंडाच्या उतरत्या क्रमाने. गंमत अशी, की धातूरूप लोखंड जसजसे कमी, तसतसे ऑलिव्हिन या खनिजाच्या स्फटिकात शिरलेले लोखंड जास्त. म्हणून ऑलिव्हिन तपासले की घराणे कळते.

आकडा सांगतो दगडाने काय सोसले. दगड घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात, तेव्हा त्यातून उजेड आरपार जातो. ३ आकड्याच्या दगडात कॉन्ड्रूल, म्हणजे वितळून थिजलेले मिलिमीटरभराचे गोळे, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे सुटे दिसतात, आणि ऑलिव्हिनचा दाणा शेजारच्या दाण्याशी जुळत नाही. मूळ लघुग्रहाच्या पोटात दगड शेकत राहिला, की गोळ्यांच्या कडा पुसतात, दाणे एकजात होतात, फेल्डस्पार डोळ्यांत भरण्याइतका वाढतो. तो ६. व्हॅन श्मुस आणि वुड यांनी १९६७ मध्ये बसवलेली ही पद्धत आजही चालते.

पण काटोलचे खरे धन या शिक्क्यात मावलेले नाही. त्या दगडात केसासारख्या काळ्या शिरा आहेत. अवकाशातल्या टकरीत क्षणभर वितळून त्या गोठल्या. त्यांत ब्रिजमनाइट सापडले, आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पृथ्वीत सर्वांत जास्त असलेले हे खनिज. पण राहते ६६० किलोमीटरच्या खाली, आणि वर येता येता मोडते. आपल्या पायाखालचे खनिज बघायला आपल्याला आभाळातून पडलेला दगड लागला!

बाहेर पडवीत सूक्ष्मदर्शक मांडला आहे. काचेवर एका कॉन्ड्राइटचा छेद आहे, काटोलचा नव्हे. घराणे विचारणार नाही, पण आकडा ३ की ६, ते चहा घेता घेता तुम्ही सांगायचे. फक्त काचेला बोट लावू नका.