मुलाखतीत काय विचारले, ते लिहून ठेवा



आपल्या घरांतील मुलेमुली आता संगणकशास्त्राच्या पदव्या घेऊन मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या दारी उभी राहत आहेत. मुलगी मुलाखतीला निघाली म्हणजे घरात एकच काळजी असते, की प्रश्न कठीण असतील काय? प्रश्न कठीण असतातच. वकील या नात्याने माझी काळजी निराळी आहे. मुलाखत न्यायाने चालली की नाही, हे उमेदवाराला कळावे कसे? गुगल या अमेरिकन कंपनीचे उदाहरण मी घेतो, कारण तिच्या मुलाखतींविषयी उमेदवारांनी, कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आणि न्यायालयातील कागदांनीही पुष्कळ सांगून ठेवले आहे.

तेथील अनुभव सामान्यतः असा. प्रथम दूरध्वनीवर बोलणे होते. पुढे चार-पाच मुलाखती, प्रत्येकी सुमारे पाऊण तासाची. पूर्वी परीक्षकासमोर फळ्यावर प्रोग्राम लिहून दाखवावा लागे; २०२० च्या महासाथीनंतर हे काम बहुतांशी पडद्यावर होऊ लागले. उत्तर बरोबर आले की झाले, असे समजणारा उमेदवार तेथे फसतो. परीक्षकाला उत्तराइतकाच त्यामागील विचार पाहावयाचा असतो. तेव्हा शंका विचारीत, मोठ्याने बोलत पुढे जावे लागते. आपल्या शाळांनी मुलांना गप्प बसून उत्तर लिहिण्याची सवय लावली. त्यामुळे बुद्धिमान मुलगाही तेथे मुका ठरतो. ही सवय घरी, भावंडांसमोर बोलून मोडता येते.

या कंपनीत एके काळी कोडी घालण्याची हौस होती. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, अशी ती कोडी. २०१३ साली कंपनीचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनीच जाहीर कबुली दिली, की अशा कोड्यांवरून उमेदवार पुढे कसे काम करील हे मुळीच कळत नाही. विचारणाऱ्याला मात्र आपण फार हुशार आहोत असे वाटते. पुढे सर्वांना सारख्याच तऱ्हेचे प्रश्न, परीक्षकाचे लेखी टिपण, आणि निर्णय मुलाखत न घेतलेल्या समितीकडे, अशा रीतीवर भर आला. साक्ष नोंदविणारा एक आणि निवाडा देणारे दुसरे! एका माणसाच्या लहरीवर उमेदवाराचे भवितव्य टांगलेले राहू नये, हा त्यातील हेतू मला मान्य आहे. परंतु त्याच कसोट्यांत ‘गुगलीनेस’ नावाची एक कसोटी आहे. म्हणजे हा माणूस आमच्यात शोभेल काय? अशा सैल शब्दाच्या आड काय दडेल, हे तुम्हाला मी सांगावयास नको.

याच कंपनीविरुद्ध २०१५ साली कॅलिफोर्नियात एक दावा दाखल झाला. त्यातील एका महिला अभियंत्याची २००७ ते २०१४ या काळात चार वेळा मुलाखत झाली आणि चारही वेळा तिला नकार मिळाला. तिच्या म्हणण्याप्रमाणे, पदवी कोणत्या वर्षी मिळाली ते अर्जात लिहा, असे तिला सांगण्यात आले होते. प्रश्न किती निरुपद्रवी! पण पदवीच्या वर्षावरून वय कळते, आणि चाळिशीपुढील माणसाला वयामुळे नोकरी नाकारू नये असा अमेरिकेत १९६७ चा कायदा आहे. २०१९ साली कंपनीने दोष नाकबूल करून २२७ उमेदवारांशी १ कोटी १० लाख डॉलरांची तडजोड केली.

तेथे जे पदवीचे वर्ष, ते आपल्याकडे आडनाव. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. शिक्षण सारखेच, आडनावे मात्र वेगवेगळी, असे अर्ज त्यांनी खासगी कंपन्यांकडे पाठविले होते. दलित आडनावाच्या अर्जदारांना बोलावणी कमी आली. त्याच वर्षीच्या सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांच्या अभ्यासात नोकरभरती करणाऱ्यांनी सांगितले, की आम्ही उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतो. आणि संविधानाचे कलम १६ राज्याच्या नोकऱ्यांपुरते आहे; खासगी कंपनीच्या मुलाखतीच्या खोलीत ते थेट पोहोचत नाही.

म्हणून पुरावा आपणच जपला पाहिजे. मुलाखत झाली त्याच रात्री मुलाला वही घेऊन बसवा. कोणी, किती वेळ, काय विचारले आणि आपण काय उत्तर दिले, हे त्याने लिहावे. प्रश्न गुप्त ठेवण्याचे वचन कंपन्या पुष्कळदा घेतात. तेव्हा ही वही मित्रमंडळीत फिरवू नये. कंपनीची पत्रे आणि ई-मेल पुसू नयेत. नकाराचे कारण लेखी मागावे. बहुधा मिळत नाही, तरी मागितल्याची नोंद राहते. आणि वडील काय करतात, मूळ गाव कोणते, असा प्रश्न आलाच, तर तो कोणत्या क्षणी आला, तोपर्यंत बोलणे कसे चालले होते आणि नंतर कसे चालले, हे त्या वहीत तारखेनिशी असावे.