जोड-प्रोग्राम का बंद पडतो?
(भाषण)



आपली शकुंतला गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आजचा विषय समजावयास वेळ लागणार नाही. तिचा रूळ अडीच फुटांचा, आणि मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीचा साडेपाच फुटांचा. म्हणून इकडचा कापूस मूर्तिजापूरला उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. डबाही चांगला, रूळही चांगला. परंतु एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर जात नसे. संगणकातील ‘ॲड-ऑन’, म्हणजे मूळ प्रोग्रामला मागाहून जोडलेला छोटा प्रोग्राम, एकाएकी बंद पडतो तेव्हा पुष्कळदा हेच झालेले असते.

पायथॉन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा घ्या. तिची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. दोहोंत फरक लहान दिसतात, पण ते अडवतात. दुसरीत ‘प्रिंट’ या शब्दानंतर कंस लागत नसे. तिसरीत कंस नसला की प्रोग्राम सुरूच होत नाही. दुसरीत ७ भागिले २ याचे उत्तर ३ येई, तिसरीत ३.५ येते. आणि आपल्या गावाचे नाव पाहा. ‘दारव्हा’ या शब्दाची लांबी विचारली तर तिसरी आवृत्ती ७ सांगते. दुसरी साध्या लिखाणात प्रत्येक चिन्हाचे ३ बाइट मोजून २१ सांगत असे. कंसाची चूक निदान ओरडून सांगते. भागाकाराची चूक गप्प बसते, म्हणून मला तीच अधिक घातक वाटते.

याची झळ कोणाला लागते? अंध विद्यार्थ्यांना पडदा वाचून दाखविणारा ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य प्रोग्राम ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केला. तो मराठीही वाचतो, आणि तो पायथॉनमध्येच लिहिलेला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची २०१९.३ ही आवृत्ती तिसऱ्या पायथॉनवर गेली, आणि जे ॲड-ऑन नव्याने लिहिले गेले नव्हते ते बंद पडले. सवयीचा आवाज अशा ॲड-ऑनमधून येत असेल, तर त्या मुलाच्या हातातून पुस्तकच काढून घेतल्यासारखे होते. डोळस माणसाला ही केवळ अडचण. त्याचा अभ्यासच थांबतो.

अशा वेळी पालक संगणक दुकानात नेतात आणि दुकानदार ‘फॉरमॅट मारू’ म्हणतो. पालकहो, घाई करू नका. फॉरमॅट केल्याने मुलाच्या वह्या पुसल्या जातील, आणि तोच जुना ॲड-ऑन पुन्हा घातला तर तीच चूक पुन्हा येईल.

प्रथम चुकीच्या संदेशाची शेवटची ओळ वाचा. पायथॉनमध्ये खरे कारण बहुधा तेथेच असते. ‘सिंटॅक्स एरर’ असून प्रिंटच्या कंसाचा उल्लेख असेल, तर लिखाण जुन्या आवृत्तीचे आहे असे समजावे. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ असेल तर लगेच निष्कर्ष काढू नये. एखादा भाग बसवावयाचा राहिला असेल, किंवा नव्या आवृत्तीत त्याचे नाव बदललेले असेल. मग मूळ प्रोग्रामची आवृत्ती पाहा. ती बहुधा मदतीच्या यादीत सापडते. नंतर ॲड-ऑन कोणत्या आवृत्तीसाठी केला आहे ते पाहा. एनव्हीडीएच्या ॲड-ऑनसोबत माहितीची एक लहान फाइल असते. तीत किमान कोणती आवृत्ती हवी आणि शेवटची चाचणी कोणत्या आवृत्तीवर झाली, हे लिहिलेले असते. काही हुशार मुले तेथील आकडा बदलून काम भागवू पाहतात. डब्यावर दुसरी पाटी लावली म्हणून चाकांमधले अंतर बदलत नाही!

खरा उपाय म्हणजे कर्त्याने काढलेली नवी प्रत घेणे. ती नसेल आणि परीक्षा तोंडावर असेल, तर जुन्या पायथॉनवरची शेवटची एनव्हीडीए, म्हणजे २०१९.२.१, हिची सुटी प्रत निराळ्या फोल्डरमध्ये ठेवून तात्पुरते काम चालविता येते. मात्र तिच्यात आता सुरक्षिततेची दुरुस्ती होत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

पायथॉन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हेच लागू आहे. मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात पायथॉनचे जुने पाठ निराळे आणि ३.४.३ चे निराळे आहेत. पाठ उघडण्यापूर्वी त्याचा आकडा पाहा.

इतके करूनही जमले नाही, तर ॲड-ऑनच्या कर्त्याला लिहा. ‘चालत नाही’ एवढेच लिहिल्यास त्याला काहीच उमगत नाही. मूळ प्रोग्रामची आवृत्ती, ॲड-ऑनची आवृत्ती, आणि संदेशाच्या शेवटच्या चार-पाच ओळी जशाच्या तशा उतरवून पाठवा.