कपाटातले कोश



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी एका शाळेच्या ग्रंथालयात चार रविवार बसलो. संदर्भग्रंथांचे एक कपाट पाहावयाचे, फाटके तेवढे बाजूला काढावयाचे आणि चहा घेऊन घरी यावयाचे, एवढाच बेत. पण पहिल्याच रविवारी ध्यानात आले की, फाटके पुस्तक मुलांचे फारसे नुकसान करीत नाही. नुकसान करते ते धड दिसणारे.

त्या कपाटाकडे आमचे लक्ष वेधले ते सहावीतल्या एका मुलीमुळे. तिने शब्दकोशात पाहून निबंधात ‘नांव’ आणि ‘कांहीं’ असे लिहिले. बाईंनी तांबड्या शाईने अनुस्वार खोडले. मुलगी कोश घेऊन बाईंपुढे उभी राहिली. कोश होता 1962 पूर्वीचा. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, हे तिला ठाऊक असणार कोठून? (आमच्यापैकी काहींच्या हातून ते अजून पडतात, ही गोष्ट निराळी.) तिचा अर्धा गुण गेला, त्याचे एवढे वाटले नाही. त्यानंतर ती कोश उघडीनाशी झाली, याचे वाटले.

मग आम्ही पुस्तकांची वये ओळखावयास बसलो. एका सामान्यज्ञानाच्या जाड पुस्तकावर छपाईचे साल 2011 होते. आत पाहावे तो महाराष्ट्राचे जिल्हे 30! राज्य झाले तेव्हा, 1960 मध्ये, जिल्हे 26 होते. 1982 मध्ये 30 झाले. 1990 मध्ये मुंबई उपनगर निघाले तेव्हा 31. 2014 मध्ये पालघर धरून 36. म्हणजे कागद 2011 चा आणि मजकूर ऐंशीच्या दशकातला. पुनर्मुद्रण म्हणजे सुधारलेली आवृत्ती नव्हे, हे आम्हां शिक्षकांनाही तेव्हाच नीट उमगले. पुढे प्रत्येक पुस्तकाला आम्ही तेच दोन-चार प्रश्न विचारू लागलो. जिल्हे किती? प्लुटो ग्रहांत आहे काय? (2006 मध्ये तो त्या पंक्तीतून उठला.) नकाशात तेलंगण निराळे दिसते काय? दहा मिनिटांत पुस्तक आपले वय सांगते.

तर मग जुने तेवढे सगळे रद्दीत घालावे काय? तसे केले असते, तर केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड पहिल्याच दिवशी गेले असते. त्यातले विज्ञान आज मुलांना देता येणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसाला जग कसे दिसत होते, हे दुसरे कोणते पुस्तक इतके सांगेल? मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. तिच्यातले कितीतरी शब्द नव्या कोशांत सापडत नाहीत. अनुस्वारवाल्या त्या कोशालाही आम्ही याच रांगेत बसविले. ही पुस्तके काढावयाची नाहीत, त्यांची जागा बदलावयाची. प्रत्येकाच्या आत चिठ्ठी डकविली: ‘यातील माहिती अमुक सालापर्यंतची.’ विश्वकोशाला तर खंडागणिक चिठ्ठी लागली. पहिला खंड 1976 चा, विसावा 2015 चा. एका रांगेत उभे असले तरी ते एका वयाचे नव्हेत. तोच विश्वकोश आता फोनवरही वाचता येतो, पण त्या शाळेत मुलांना फोन आणण्यास बंदी आहे.

खरी अडचण पुस्तकांची नव्हतीच. मुख्याध्यापक हिशेबतपासनिसाला भीत होते. नोंदवहीत चढलेले पुस्तक कमी दिसले तर उत्तर कोण देणार? म्हणून चुकीचा नकाशासंग्रहही कुलपात सुखरूप! आम्ही यादी केली, प्रत्येक पुस्तकापुढे कारण लिहिले, शाळासमितीचा ठराव घेतला आणि रीतसर निर्लेखन झाले. एकोणीस पुस्तके गेली. आलेल्या पैशांत, म्हणजे आमच्याच वर्गणीत, एक नकाशासंग्रह आणि एक नव्या लेखनाचा शब्दकोश बसला.

चौथ्या रविवारी ती मुलगी चिठ्ठ्या डकवावयास आली होती. अनुस्वारवाल्या कोशाची चिठ्ठी तिने स्वतः लिहिली आणि खळ वाळेपर्यंत तो कोश उघडून वाचीत बसली.