रंग गेला, मीठ राहिले

(भवानीनगर येथील शेतकरी बैठकीतील भाषण)



आपण पिकवलेल्या कापसाचे कापड होते, ते रंगवले जाते. कापड शहरात जाते आणि रंगाचे पाणी ओढ्या-नदीने पुन्हा शेतकऱ्याच्याच बांधाशी येते. इचलकरंजीच्या खाली, पंचगंगेच्या काठच्या गावांना हे सांगावे लागत नाही.

आता सांगतात, हे पाणी विजेने साफ होते. गोष्ट खोटी नाही. हौदात लोखंडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटी उभ्या करून डी.सी. करंट सोडतात. प्लेट झिजते, तिचा साका धरतो, रंग त्याला चिकटून खाली बसतो. दुसऱ्या रीतीत न झिजणारी प्लेट वापरतात. पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार होतो आणि तो रंग फोडतो. लालभडक पाणी डोळ्यांदेखत निवळते.

पण फसगत इथेच आहे. सुतावर रंग चढावा म्हणून रंगाच्या हौदात लिटरमागे ५० ग्रॅम आणि गडद रंगाला त्याहून जास्त मीठ टाकतात. विजेने रंग जातो, मीठ जात नाही. असे नितळ पाणी काळ्या रानाला दिले की सोडियम मातीला धरतो, जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही, ज्वारीची उगवण बसते. नीरा डावा कालवा १८८५ साली आला, त्यानंतर जास्तीच्या पाण्याने खारवट-चोपण झालेली जमीन या भागाने पाहिलेली आहे. खाऱ्या पाण्याने तर ती लवकर होईल.

तमिळनाडूत तिरुपूरच्या खाली नोय्यल नदीवर १९९२ साली ओरथुपाळयम धरण झाले. त्यात रंगाचे खारे पाणी साठले. ज्यांच्यासाठी धरण बांधले, त्याच शेतकऱ्यांना ते पाणी नको झाले. ते एकजुटीने कोर्टात गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई प्रदूषण करणाऱ्यानेच द्यावी असे म्हटले. २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने रंगाचे कारखाने बंद करायला लावले. पुढे पाणी आटवून मीठ वेगळे काढल्यावरच ते सुरू झाले. म्हणजे हे होऊ शकते. खर्च येतो एवढेच.

तेव्हा उद्या कोणी नितळ पाण्याची बाटली दाखवली तर दोन गोष्टी विचारा. लिटरला क्षार किती? नियमाची मर्यादा २१०० मिलिग्रॅमची आहे. आणि रंगाचा साका कुठे टाकला?

मीठ काढण्याचा खर्च कापडाच्या किमतीत धरा. आधी कापसाचा भाव पाडायचा, मग आमची जमीन नासवायची आणि वर कापड स्वस्त म्हणायचे, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.