आगोटीची कामे

कोकणातल्या कौलारू घराची पावसाळी तयारी छपरापासून सुरू होते. रोहिणी नक्षत्र लागण्याआधी, म्हणजे मे महिन्यात, कौले चाळली जातात. एकेक कौल उचलून खालचा पाला-माती झाडायची, तडकलेले बदलायचे, किडलेली रीप काढून नवी ठोकायची. कौल नीट बसले नाही तर पाणी वाशावर झिरपते आणि लाकूड आतून कुजत जाते. बाहेरून पत्ताही लागत नाही. आढ्यावरचे कोने वाऱ्याने आधी सुटतात, म्हणून ते सिमेंटने पक्के करतात.

3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने हजारो घरांची छपरे उडवली. म्हणून छपरावर पत्रे असतील, तर ते नुसत्या खिळ्यांवर न ठेवता वायसर घालून हुकांनी आवळलेले बरे.

घरावर झुकलेल्या माडाच्या सुक्या झावळ्या आणि नारळ आधीच उतरवावेत. पडवीला वाऱ्याच्या बाजूने झापांची झड बांधतात. हल्ली तिथे प्लॅस्टिक दिसते, स्वस्त खरे, पण पहिल्याच वावटळीत फाटणारे.

तांदूळ, कडधान्ये, सुकी मासळी, सुके सरपण यांची बेगमी जुनीच. तिच्यात आता विजेरी, औषधे आणि झाकलेले पिण्याचे पाणी यांची भर हवी, कारण वीज गेली की विहिरीवरचा पंपही बंद.

वादळ येताना मेन स्विच बंद करावा. मध्येच वारा पडला तरी बाहेर पडू नये: वादळाचा डोळा डोक्यावरून जात असेल, तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने सुटतो.